गाडीची नाडी

गाडी रस्त्यात बंद पडली की आपण आधी बॉनेट उघडतो. आत काय पाहायचं हे ठाऊक नसतं, पण उघडल्याशिवाय चैन पडत नाही. मग कमरेवर हात ठेवून आत बघत उभं राहायचं आणि मागच्यांचे हॉर्न ऐकायचे. मीही त्यातलाच. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. इंजिनातलं मला बॅटरी कुठे असते एवढंच कळायचं. असा माणूस आज तुमच्याशी गाडीच्या तब्येतीबद्दल बोलणार म्हणजे थोडं धाडसच. पण गेल्या वर्षी घरातल्या एका निकडीपायी मला हा विषय शिकावा लागला, आणि जे शिकलो ते सेकंडहँड गाडी घेणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून हा खटाटोप.

माझी थोरली बहीण, आमची आपा, मुलुंडला राहते. तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी घाटकोपरला यावं लागतं. चार तास मशीनवर पडून राहिल्यावर अंगात त्राण उरत नाही. पावसाळ्यात एल.बी.एस. मार्गावर रिक्षा मिळवणं म्हणजे काय, हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. भाच्याने ठरवलं की जुनी का होईना, एक गाडी घ्यायची. पैसे मोजके, कर्ज काढायची ताकद नाही. आणि गाडी अशी हवी की भांडुपच्या सिग्नलला पेशंटसकट बंद पडणार नाही.

त्याने मला एक डबी आणून दाखवली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, एका बाजूला पिना. म्हणाला, "मामू, ही गाडीला लावायची. गाडीला काय झालंय ते फोनवर दिसतं." बाजारात ती काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळते. आधी प्रयोग माझ्या गाडीवर. माझी गाडी २००८ सालची, पेट्रोलवर चालणारी. स्टिअरिंगखाली डोकं घालून आम्ही सॉकेट शोधलं, डबी बसवली. तिच्यावरचा लाल दिवा लागला. भाचा खूश. "लाइट लागली, म्हणजे चालतंय!" फोनलाही डबी सापडली. आणि मग ॲपवर अक्षरं आली, की गाडीशी संपर्क होत नाही. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

आम्हाला वाटलं डबी खराब, मग वाटलं गाडी खराब. दोन्ही चूक होतं. ते का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

एकेकाळी गाडीत विचारण्यासारखं कुणी नव्हतंच. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आठवा. कार्बोरेटर, प्लग, पॉइंट. बिघाड झाला तर तो दिसायचा, ऐकू यायचा किंवा त्याचा वास यायचा. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, पण तिच्यावर शिकलेले मेकॅनिक अजून आहेत. आमच्या असल्फ्याजवळचे उस्ताद त्यातलेच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. डॉक्टरचा स्टेथोस्कोप हाच.

पुढे इंधन किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची हे इंजिनाजवळ बसवलेला एक छोटा संगणक ठरवू लागला. हा संगणक सेन्सरांकडून सतत खबर घेतो : पाणी किती तापलं, हवा किती आत आली, धुरात ऑक्सिजन किती उरला. काही बिनसलं तर तो त्याची नोंद ठेवतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लावतो. पण ही नोंद वाचायची कशी? प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, भाषा वेगळी, वाचायचं यंत्र वेगळं.

यातून वाट निघाली ती मेकॅनिकच्या सोयीसाठी नव्हे, धुरामुळे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहर धुरक्याने हैराण झालं होतं. तिथल्या कॅलिफोर्निया राज्याने कंपन्यांना सांगितलं, की धूर वाढवणारा बिघाड झाला तर गाडीने तो स्वतःच ओळखला पाहिजे आणि चालकाला सांगितला पाहिजे. १९८८च्या मॉडेलांपासून त्याचं साधं रूप आलं. मग सॉकेट एकच, १६ पिनांचं; बिघाडांचे सांकेतिक क्रमांक एकच; आणि १९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना ते सक्तीचं झालं. यालाच ओबीडी-दोन म्हणतात. युरोपात पेट्रोल गाड्यांना ते २००१पासून लागू झालं.

आपल्याकडेही कारण धूरच. मुंबईत १९९९ साली धुराने त्रासलेल्या रहिवाशांची याचिका उच्च न्यायालयापुढे आली, लाल समिती बसली आणि त्यातून जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. देशपातळीवर डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या समितीने इंधन आणि वाहनांच्या धुराचं वेळापत्रक सुचवलं. भारत स्टेज हे शब्द आपल्या कानावर पडले ते याच काळात. १ एप्रिल २०१० रोजी भारत स्टेज चार १३ शहरांत लागू झालं. त्यात आपल्या राज्यातली तीन शहरं होती : मुंबई, पुणे आणि सोलापूर. त्याबरोबर ओबीडीचा पहिला टप्पा आला. दुसरा, पूर्ण टप्पा एप्रिल २०१३पासून. पहिल्या टप्प्यात गाडी मुख्यतः वायर तुटली का, सेन्सर बंद पडला का, एवढं पाहत होती. दुसऱ्यात ती धूर साफ करणाऱ्या यंत्रणेचं काम नीट चाललंय का, सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय का, हेही तपासू लागली.

आता माझ्या गाडीचं कोडं सुटतं. ती २००८ची. तिला १६ पिनांचं सॉकेट आहे, पण त्यामागे सगळ्यांना समजणारी भाषा असलीच पाहिजे अशी तेव्हा सक्ती नव्हती. उस्तादांनी त्यांच्याकडचं, त्या कंपनीच्या गाड्यांचं यंत्र लावलं तर गाडी घडाघडा बोलली. म्हणजे गाडी मुकी नव्हती, ती फक्त घरच्या बोलीत बोलत होती.

तेव्हा ही डबी चालेल की नाही हे पाहायचं असेल तर तीन दारं आहेत हे लक्षात ठेवा. पहिलं दार विजेचं. सॉकेटची १६ नंबरची पिन थेट बॅटरीला जोडलेली असते, चार आणि पाच नंबरच्या पिना अर्थिंगच्या. डबीचा दिवा लागला याचा अर्थ तिला वीज मिळाली, इतकाच. आम्ही फसलो तो इथेच. दुसरं दार फोन आणि डबी यांच्यामधलं. ब्लूटूथची जोडणी झाली की ते उघडतं. पासवर्ड बहुधा १२३४ किंवा चार शून्यं. तिसरं दार डबी आणि गाडीचा संगणक यांच्यामधलं, आणि खरं दार तेच.

तिसऱ्या दारामागे पाच बोली आहेत. जुन्या अमेरिकी गाड्यांच्या दोन. एका तारेवरून सावकाश बोलणाऱ्या दोन, ज्या सात नंबरच्या पिनेवर चालतात. आणि पाचवी कॅन नावाची, वेगवान, जी सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवर चालते. नव्या गाड्या हीच बोलतात. म्हणून डबी विकत घेण्याआधी टॉर्च लावून सॉकेटमध्ये पाहा. पॅडलच्या वर, गुडघ्याच्या आसपास ते असतं. कधी झाकणामागे, कधी फ्यूजच्या डब्याजवळ. सगळ्या १६ घरांत पितळी पट्ट्या नसतात, त्याने घाबरू नका. चार, पाच आणि सोळा असायलाच हव्यात. सोबत सहा आणि चौदा दिसल्या तर आशा चांगली. फक्त सात दिसली तर गाडी सावकाश बोलणारी आहे, आणि स्वस्तातल्या काही डब्यांना ती बोली येत नाही.

हे स्वस्तातल्या डब्यांचं प्रकरणही गमतीचं आहे. पाचही बोली समजणारी चिप एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या छोट्या कंपनीने काढली. नाव ईएलएम ३२७. तिची नक्कल इतकी झाली की बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डब्यांवर नाव तेच असतं, आतला माल वेगळा असतो. मूळ कंपनी २०२२मध्ये बंद झाली, नाव मात्र चालू आहे. त्यामुळे एका डबीने हात टेकले तर लगेच गाडीला दोष देऊ नका. मित्राची दुसरी डबी लावून पाहा. तीच डबी दुसऱ्या, नव्या गाडीला लावून पाहा. दोष कुणाचा ते दोन मिनिटांत कळतं.

फोनचीही एक मेख आहे. अँड्रॉइड फोन साध्या ब्लूटूथच्या डबीशी बोलतो. आयफोन बोलत नाही. त्याला वायफायची किंवा ब्लूटूथ लो एनर्जी लिहिलेली डबी लागते. आयफोनवाले साधी डबी घेतात आणि दुकानदाराशी भांडतात. आणि चावी फिरवून गाडी ऑन करायला विसरू नका. डबीचा दिवा चावीशिवाय लागेल, पण संगणक झोपलेला असेल.

डबी चालली की फोनवर काय दिसतं? आकडे. ते येतात कसे, हे कळल्यावर मला फार मजा वाटली. फोन विचारतो, पाण्याचं तापमान किती? गाडी उत्तर देते, १२३. इंजिन १२३ अंशांवर नसतं. ठरलेला नियम असा, की आलेल्या आकड्यातून ४० वजा करायचे. म्हणजे ८३ अंश. हे ४० कशासाठी? गाडी पाठवू शकते तो आकडा शून्य ते २५५ एवढाच, त्यात उणे चिन्ह नाही. बर्फाळ मुलुखात उणे ४० अंशांची थंडीही सांगता यावी म्हणून ही सोय. मुंबईत ते उणे ४० कधीच लागणार नाहीत, पण नियम सगळ्या जगाला एकच.

बिघाडाचे क्रमांकही असेच ठरलेले. पी म्हणजे इंजिन आणि गिअरकडचं, सी चॅसीकडचं, बी बॉडीकडचं, यू म्हणजे गाडीतल्या संगणकांच्या आपसातल्या बोलण्याचं. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरची ठिणगी चुकते आहे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. आपल्या भागात बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्या पुष्कळ. किट नीट जुळवलेलं नसेल तर अशा मिश्रणाच्या तक्रारी येतात.

आता भाच्याच्या गाडीकडे येतो. दलालामार्फत अंधेरीत एक गाडी पाहिली. २०१४ची, मुंबईत नोंदलेली, एमएच-०२ नंबरची. इथे एक सावधगिरी सांगतो. नुसतं साल पाहू नका, स्टेज पाहा. त्या १३ शहरांबाहेर भारत स्टेज तीनच्या गाड्या मार्च २०१७पर्यंत विकल्या जात होत्या. म्हणजे २०१५ची एखाद्या लहान गावातली गाडी डबीशी बोलेलच असं नाही, आणि २०१४ची मुंबईतली बोलेल. १ एप्रिल २०२०नंतरच्या गाड्या देशभर भारत स्टेज सहाच्या, त्यांची चिंता नाही.

चावी ऑन केली. पिवळा दिवा लागला, इंजिन सुरू झाल्यावर विझला. हे बरं लक्षण. चावी ऑन केल्यावर तो दिवा लागलाच पाहिजे. मुळीच लागला नाही तर दिव्याशी कुणीतरी खेळ केला आहे असं समजा. मग डबी लावली. तीनही दारं उघडली. बिघाड : शून्य. दलाल म्हणाला, "बघा, एकदम क्लीन." भाच्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या खिशात ॲडव्हान्सचे पैसे होते.

उस्ताद आमच्याबरोबर होते. त्यांनी फोन हातात घेतला आणि दुसरं पान उघडायला सांगितलं. तिथे रेडीनेस नावाची यादी असते. गाडी आपल्या यंत्रणांच्या चाचण्या एकेक करून घेत असते आणि कुठली पूर्ण झाली ते लिहून ठेवते. या गाडीच्या बहुतेक चाचण्या अपूर्ण होत्या. त्याखाली आणखी एक ओळ होती : नोंदी पुसल्यापासून चाललेलं अंतर, नऊ किलोमीटर.

अर्थ सरळ होता. फोनवरून किंवा यंत्रावरून बिघाडाच्या नोंदी पुसता येतात. पुसल्या की दिवा विझतो, पण चाचण्याही पुसल्या जातात आणि पुन्हा पूर्ण व्हायला गाडी काही दिवस वेगवेगळ्या वेगाने चालावी लागते. म्हणजे "बिघाड शून्य" या शब्दांचे दोन अर्थ होतात. तपासलं आणि सापडला नाही, हा एक. अजून तपासलंच नाही, हा दुसरा. परीक्षा दिली नाही म्हणून नापास झाला नाही, अशातला प्रकार.

मला राग आला. आजारी बाईसाठी गाडी घेतोय आणि हे फसवतायत! मी तोंड उघडणार तेवढ्यात उस्तादांनी हात दाबला. त्यांनी मालकाला शांतपणे विचारलं, "बॅटरी कधी बदललीत?" मालक म्हणाला, "परवाच." आत जाऊन बिल घेऊन आला. तारीख दोन दिवसांपूर्वीची. बॅटरीची वायर काढली तरीही पुष्कळ गाड्यांच्या नोंदी पुसल्या जातात. म्हणजे फोनने जे सांगितलं ते खरं होतं, आणि मी जे समजलो ते घाईचं होतं.

उस्ताद मालकाला म्हणाले, "आठ दिवस गाडी तुम्हीच चालवा. काही पुसू नका. मग पाहू." दलालाने गिऱ्हाईक जाईल, दुसरा तयार आहे, वगैरे सांगून पाहिलं. मालकाने मान्य केलं.

आठ दिवसांनी चाचण्या पूर्ण झाल्या होत्या, आणि पिवळा दिवा लागला होता. क्रमांक पी०४२०. ॲपवर लिहिलं होतं, की धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम कमी पडतं आहे. हा भाग महाग. त्यात मौल्यवान धातू असतात. भाच्याचा चेहरा उतरला. ठरवलेल्या पैशांत हा खर्च बसणारा नव्हता.

इथे पुन्हा उस्ताद कामी आले. कन्व्हर्टरच्या मागे एक सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, त्यावरून गाडी हा निष्कर्ष काढते. पण सायलेन्सरच्या पाइपात आधी कुठे फट असेल आणि बाहेरची हवा आत शिरत असेल तर सेन्सर फसतो. उस्ताद गाडीखाली गेले. थंड इंजिन सुरू करायला लावलं आणि सांध्यापाशी हात धरला. फुसफुस हाताला लागत होती. सांध्याचं गॅस्केट गेलं होतं. आधी ते बदलायचं ठरलं, महाग भागाचं नंतर पाहू. मालकाने ते बदलून दिलं. पुन्हा आठवडाभर थांबलो. चाचण्या पूर्ण, दिवा बंद. मग भाच्याने ॲडव्हान्स दिला.

यातून मी काय शिकलो ते सांगून थांबतो. डबी तक्रार सांगते, कारण सांगत नाही. ताप किती आहे ते थर्मामीटर सांगतो. मलेरिया की टायफॉइड हे डॉक्टरला शोधावं लागतं. क्रमांक वाचून थेट महागडा भाग बदलायला जाऊ नका. नोंद पुसण्याआधी ती लिहून ठेवा, कारण तिच्यासोबत बिघाडाच्या क्षणी गाडी कशी चालत होती तेही साठवलेलं असतं. पुसलं की तेही गेलं. गाडी दिवसेंदिवस उभी राहणार असेल तर डबी काढून ठेवा, ती बॅटरी खाते. आणि चालवताना फोनकडे पाहू नका, शेजारी बसलेल्याला पाहू द्या. ब्रेक, टायर, गंजलेला पत्रा, पुराच्या पाण्यात बुडून गेलेली सीट यांबद्दल डबी काही सांगत नाही. २६ जुलै २००५ पाहिलेल्या माणसांना यापेक्षा जास्त सांगायला नको. त्यासाठी डोळे, नाक आणि एखादा उस्ताद हवाच.

त्या उस्तादांना मी विचारलं, "आता सगळं फोनवर दिसतं. तुमचा तो स्क्रूड्रायव्हर ठेवून द्यायचा का?" ते हसले. म्हणाले, "फोन सांगतो कुठे ऐकायचं. ऐकायचं मलाच आहे."

आपा आता मंगळवार, गुरुवार, शनिवार गाडीने येते. परतताना मागच्या सीटवर पाय घेऊन झोपते. भाचा दर रविवारी डबी लावतो आणि मला फोन करतो, "मामू, सब क्लीन." मी विचारतो, "चाचण्या पूर्ण आहेत ना?" तो म्हणतो, "हो." मग मला बरं वाटतं.